रविवारची कलेजी

मी डोंबिवलीत अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते आणि मुळात तापट आहे. लेक नववीत असताना फळ्यावरचं दिसत नाही म्हणायला लागली, तेव्हा आधी मी तिलाच झापलं. मोबाइल कमी कर म्हटलं. चष्मा दोनदा बदलला, काही फरक नाही. मग मी कंबर कसली. रोज गाजराचा रस, जेवणानंतर माशाच्या यकृताच्या तेलाच्या कॅप्सूल आणि दर रविवारी कलेजी. माझं माहेर कोकणातलं. आमच्याकडे डोळे अधू झाले की कलेजी, त्यावर कुणी वाद घालत नाही. लेकीला वासानेच मळमळायचं. ताट रिकामं होईपर्यंत मी समोरून हलायचे नाही. दीड वर्ष हे चाललं.

शेवटी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी रेटिनाचे फोटो काढले आणि रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं. रिपोर्ट घ्यायला मी एकटीच गेलेले. त्यांनी कागदावर दोन समांतर रेघा काढल्या. तीच आकृती मी वर्षानुवर्षं वर्गात काढत आलेय. पेशीचं पटल म्हणजे चरबीचे दोन थर. एका थरातला रेणू आपणहून सहसा दुसऱ्या थरात जात नाही, एखादं प्रथिन त्याला उचलून पलीकडे टाकतं. परीक्षेला येत नाही म्हणून हा भाग मी दरवर्षी दोन वाक्यांत उरकायचे.

डोळ्यात उजेड पडला की अ जीवनसत्त्वाचा उरलेला अंश अशाच एका चरबीच्या रेणूला चिकटतो. त्याला पलीकडे टाकणारं प्रथिन माझ्या लेकीत बिघडलेलं आहे. अर्धा बिघाड माझ्याकडून, अर्धा तिच्या बाबांकडून. आम्हा दोघांना कधी काही झालं नाही. तिच्यात मात्र तो अंश तिथेच साचतो, त्याचं विष होतं आणि नजरेच्या मधोमध असलेल्या पेशी आधी मरतात. यावर आज तरी औषध नाही.

"वरून अ जीवनसत्त्व काही देत नाही ना? ते वाढवलं की साचणंही वाढतं," बाईंनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. कलेजीत आणि त्या तेलात तेच ठासून भरलेलं असतं.

"त्यामुळे किती नुकसान झालं, हे कुणालाच सांगता येणार नाही, मॅडम. कॅप्सूल आणि कलेजी आजपासून बंद. रोजच्या जेवणातली भाजी, गाजर चालेल."

मला त्यांचा रागच आला. किती ते सांगितलं असतं, तर निदान तेवढंच डोक्यावर घेतलं असतं.

कलेजीचं लेकीला कळू द्यायचं नाही, असं वाटेत ठरवलेलं. कोपरला घरी आले, ती टेबलाशी बसली होती, आणि मला ते जमलं नाही. आजार सांगितला, मग कलेजीचंही सांगितलं. "माझं चुकलं गं. तू नको नको म्हणत होतीस आणि मी ऐकलं नाही."

ती काहीच बोलली नाही. मान किंचित वळवून माझ्या कानामागच्या भिंतीकडे बघत राहिली. वाटलं, संपलं, आता ही आपलं तोंडही बघणार नाही. भांडली असती तर परवडलं असतं. त्या गप्प बसण्याने माझं डोकं फिरलं.

"अगं, निदान माझ्याकडे बघ तरी," मी ओरडलेच.

"बघतेय ना, आई," ती म्हणाली. "सरळ बघितलं की तुझा चेहरा दिसत नाही."