गणपती उठल्यावर उंदीर

उंदरांचा मला मनापासून राग आहे. काकडी खायची तर एक खा ना बाबा; हा प्राणी दहा काकड्यांना एकेक चावा घेऊन जातो. त्या वर्षी शेजारच्या वावरातला मूग निघाला आणि तिथली सगळी पलटण आमच्या रताळ्यांत शिरली. तीही ऐन गणपतीत.

घरी गणपती बसलेला असताना त्याचं वाहन मारायचं नाही, हा सासूबाईंचा हुकूम. नवरा वैतागला. दुकानातून विषाची पुडी आणून त्यानं गोठ्याच्या छपरात खोचून ठेवली. "गणपती उठेपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "मंग तुह्या हातानं साफ झाले तं ठीक, नाई तं मी दवाई टाकतो."

"आन् मंग भाजी कोन घेईन?" मी म्हटलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात काम करणाऱ्या बाया माझी भाजी घ्यायच्या ती बिनविषाची म्हणूनच. शिवाय आमची कुत्री कुणाच्या तरी वावरात विषानं मेलेला उंदीर खाऊन तोंडाला फेस येऊन गेली होती. ते मी विसरले नव्हते.

विसर्जनाच्या संध्याकाळी मी सगळी बिळं चिखलानं बुजवली. सकाळी जी उकरलेली दिसली ती चालू, म्हणजे आत उंदीर. बुडाला भोक पाडलेल्या मडक्यात गोवऱ्या आणि वाळल्या मिरच्या पेटवल्या, मडक्याचं तोंड बिळाला लावलं. बाकीच्या वाटा बंद करून एकच उघडी ठेवली. नवरा मागच्या भोकातून फुंकायला बसला, मी काठी घेऊन उभी राहिले.

पहिला आला तो धुरानं आंधळा झालेला. माझी काठी मातीत बसली. दुसऱ्या फटक्यात त्याची पाठ मोडली, तरी पुढच्या पायांवर तो सरकत राहिला. तिसऱ्यात डोकं फुटलं. मग एकामागून एक निघाले आणि मी हाणत सुटले. रक्त काठीवर, पायांवर, लुगड्यावर. "खा! खा आता माही रताळी!" मी ओरडत होते. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू?

शेवटच्या बिळातून काही निघेना. मी फावड्यानं खणलं. मादी उसळून माझ्या अंगठ्याला चावली. तिला तिथंच जमिनीवर आपटली. खाली गवतात लालबुंद पिल्लं, डोळेही न उघडलेली.

"राहू दे व," नवरा म्हणाला.

"राहू देऊ? वाढले का हेच येतीन रताळ्यात."

तो उठून विहिरीकडे गेला. मी माती लोटली आणि अनवाणी पायानं दाबली. आधी मऊ लागलं, मग लागेना. तेव्हा मला रडू फुटलं.

दुपारी नवरा दुकानात पुडी परत करून आला. सासूबाईंनी मला आंघोळीला कढत पाणी काढून दिलं. आंघोळ करून मी स्वयंपाकघराकडे वळले, तर त्या दारात उभ्या.

"आज चुलीपाशी येऊ नोको, बाई. लय जीव गेले तुह्या हातानं."

"पुडीनं मेले असते तं येऊ देल्लं असतं ना?" मी किंचाळले.

माझं ताट त्यांनी ओसरीवर आणून ठेवलं. नवरा आत चुलीजवळ जेवत होता. त्यानं मान वर केली नाही.