गाडी चालू झाली होती

जेवण अंगावर आलं की सर्जेराव घराच्या पुढच्या सोप्यात चटई टाकून भिंतीकडे तोंड करून आडवा होतो. झोपायचं नाही, नुसतं पडायचं, असं तो दर दुपारी स्वतःला बजावतो. झोप मोठी लबाड. ती त्याला सगळं बजावून देते आणि मग येते. आधी पाय जड होतात. मग शेजारच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर धापा टाकत लांब लांब जातो. स्वयंपाकघरात सारिका, म्हणजे त्याची धाकटी भावजय, भांडी लावतेय. हळूहळू तो आवाज भांड्यांचा राहत नाही, पान्यांचा होतो. कुणीतरी हत्यारांची पेटी उपसून काही शोधतंय.

"दादा, धाचा पाना कुठं ठेवलास रं?"

धाकटा भाऊ, अंकुश. त्याला जाऊन चार महिने झाले, पण सर्जेरावाला त्याचं काही वाटत नाही. स्वप्नात मेलेल्या माणसाला 'तू कसा काय आलास' असं कुणी विचारत नसतं.

"तुज्याच बुडाखाली असंल," तो म्हणतो.

अंकुश खरोखरच बूड उचलून बघतो आणि हसतो. चेहरा लालबुंद आहे, गेला त्या दिवशी होता तसाच. सर्जेराव उठून बसतो तर अंगाखाली चटई नाही, गॅरेजच्या शेडमधला तेलकट कोबा आहे. समोर दुरुस्तीला आलेली एका डॉक्टरांची पांढरी गाडी, बॉनेट उघडं.

या गाडीचं काय झालं ते सांगायलाच हवं. कराडजवळ हायवेला लागून असलेल्या या भावांच्या गॅरेजात तसली गाडी पहिल्यांदाच आलेली. ती बॅटरीवर पळायची, बॅटरी उतरली की पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू व्हायचं, आणि प्लगला वायर लावली की मोबाईलसारखी चार्जही व्हायची. तिच्या इंजिनात हवा किती जाते हे मोजणारा सेन्सर गेला होता, त्यामुळे इंजिन सुरू झालं की दोन आचके देऊन मान टाकायचं. बॅटरी मात्र ठणठणीत. नवा सेन्सर यायला दोनेक आठवडे लागले, आणि तेवढ्यात अंकुशनं त्या गाडीचा एक उपयोग शोधून काढला. दिवस उन्हाळ्याचे, शेड पत्र्याचं. दुपारी हा पठ्ठ्या शटर ओढून गाडीत बसायचा, एसी लावायचा आणि ताणून द्यायचा. इंजिन मेलेलं, बॅटरीला धूर नाही, मग भीती कसली? सर्जेरावानंही कधी हटकलं नाही. उलट 'आमच्या जहागीरदारांची वामकुक्षी चाललीय' असं गिऱ्हाइकांना सांगून तो हसायचा.

मग एका सकाळी सेन्सर आला. अंकुश सामान आणायला गावात गेला होता, तेव्हा सर्जेरावानं एकट्यानंच तो बसवला. बसवला तर इंजिन चालवून बघायला हवं, आणि बॅटरी भरलेली असताना ही गाडी इंजिनाला जागं करत नाही. म्हणून हायवेला फिरवून त्यानं मुद्दाम बॅटरी उतरवली. इंजिन लागलं, आणि काय गोड लागलं! गाडी जागेवर आणून तो वरचं झाकण बसवत होता, तेवढ्यात अंकुश आला. सर्जेरावाच्या ओठांत स्क्रू होते. बापानं लावलेली सवय. स्क्रू हरवायचा नसेल तर ओठांत धरायचा, आणि ओठांत स्क्रू असताना बोलायचं नाही.

"दादा, जेवून घे की," अंकुश म्हणाला होता.

"हूं," सर्जेराव म्हणाला होता.

अंकुशनं रोजच्यासारखा वाकलेला भाऊ बघितला, रोजच्यासारखं उघडं बॉनेट बघितलं, आणि काम अजून अडलेलंच आहे असं धरून चालला. तेवढ्यात हायवेवर टेम्पो बंद पडल्याचा फोन आला. सर्जेरावानं झाकण आवळलं, बॉनेट टाकलं आणि तो निघून गेला. लाईट गेलेली होती. पंखा नाही, चार्जिंगही नाही. अंकुशनं शटर ओढलं आणि गाडीत जाऊन पडला. उरलीसुरली बॅटरी संपल्यावर इंजिन आपसूक सुरू झालं, आणि या वेळी त्यानं मान टाकली नाही. बंद शटराआड विषारी धूर कोंडत गेला आणि अंकुश झोपेतून उठलाच नाही.

अंकुश गेल्यावर भेटायला माणसं येऊन बसली होती तेव्हा सारिकानं दाराआडून विचारलं, "भाऊजी, गाडी नीट झालीया हे तुम्ही त्यास्नी सांगितलं हुतं का?" सगळ्यांच्या माना सर्जेरावाकडे वळल्या. "सांगितलं हुतं की," त्याच्या तोंडून निघून गेलं. गावाला तेवढं पुरलं. सांगूनसुद्धा झोपला म्हणे, पहिल्यापासूनच बेफिकीर गडी. परवा तर अंकुशची पोरगी ईश्वरी, सहा वर्षांची, अंगणात मैत्रिणीला सांगत होती की माझे पप्पा मोठ्या पप्पांचं ऐकत नव्हते म्हणून वारले. खरं सांगावं असं सर्जेरावाला रोज वाटतं, आणि रोज राहून जातं.

आता तोच सेन्सर त्याच्या हातात आहे. अंकुश टॉर्च मारून उजेड दाखवतोय.

"आतल्या तारंला बोट लावू नगंस," अंकुश म्हणतो. "लई नाजूक आसती."

"म्हायतीय मला."

"ह्येला कळतंय बघ दादा, आत किती हवा गेली ती. मला न्हाई कळलं."

सर्जेराव विचारतो, "तरास झाला का रं?"

"छ्या! झोपच हुती. कायतरी गुणगुणतंय असं वाटलं, बास." मग अंकुश टॉर्चचा उजेड त्याच्या तोंडावर मारतो. "पन मला सांग, ह्यो आला कवा?"

बसवायचाच नाही, असं ठरवून सर्जेराव सेन्सर खिशात घालतो. इंजिनाकडे बघतो तर सेन्सर जागेवर बसलेला, दोन्ही स्क्रू आवळलेले, वायरची क्लिप लागलेली. तो घाईघाईनं स्क्रू काढतो, सेन्सर उपसून शेडच्या बाहेर भिरकावतो. वळून बघतो तर पुन्हा जागेवर.

"काढतूयास कशाला?" अंकुश म्हणतो. "चांगला बसवलायस की. नंबरी काम हाय तुजं."

ते शब्द सर्जेरावाला लाथेसारखे लागतात. तो आणखी आत वाकतो. बॉनेटखाली आता इंजिन नाही, त्यांच्या मळ्यातली विहीर आहे, ओल्या दगडांचा वास येतोय. खाली पाण्याच्या काठाला तीच पांढरी गाडी उभी आहे, दारं उघडी, सीट कोरड्या. अंकुश खांद्यावर शर्ट टाकून पायऱ्या उतरतोय, पोहायला उतरायचा तसाच, निवांत.

"कुठं चाललायस?" असं सर्जेरावाला विचारायचं आहे, पण ओठांत स्क्रू आहेत.

"आत गार हाय," न विचारताच अंकुश सांगतो. "वाईच पडतो."

सर्जेराव स्क्रू काढतो. आणखी निघतात. मूठभर काढले तरी तोंड भरलेलंच. लोखंडाची चव घशात उतरतेय. पाण्याच्या कडेनं आता एसटी स्टँडवरची बाकं मांडलेली आहेत, आणि भेटायला आलेली ती सगळी माणसं पिशव्या मांडीवर घेऊन तिथं बसलीत. "सांगितलं हुतं की," एक म्हातारा शेजारच्याला सांगतो. शेजारचा पुढच्याला सांगतो. बाकावरून बाकावर ते वाक्य सरकत जातं आणि सगळे माना डोलावतात. कुणालाच घाई नाही.

अंकुश दार लावून घेतो, सीट मागं पाडतो. त्याला काचेतून भावाचं तोंड हललेलं दिसतं. तो कानाला हात लावून खुणेनंच विचारतो, काय? आणि तेवढ्यात इंजिन लागतं. आचका नाही, खोकला नाही. आयुष्यात इतकं चांगलं लागलेलं इंजिन सर्जेरावानं ऐकलेलं नाही.

तो सगळे स्क्रू एकदम थुंकतो. ते पाण्यात पडतात, त्यांचा आवाज होत नाही. आवाज होतो तो त्याचाच.

"अंक्या, भाईर ये! इंजिन चालू झालंय! सकाळीच बसवलाय मी सेन्सर! झोपू नगं आत! तुला सांगायचं ऱ्हायलं रं... मी सांगितलंच न्हाई तुला!"

अंकुश काच थोडी खाली करतो. रागावलेला नाही. एसटी चुकल्यावर माणूस करतो तसं तोंड करतो.

"आसं व्हय," तो म्हणतो. "आदी सांगायचं न्हाई का, दादा?"

आणि काच वर जाते.

समोर भिंत आहे. सोप्याची, पोपडे धरलेली. कॉम्प्रेसर जवळ येऊन धापा टाकतोय. सर्जेरावाचा घसा सोलून निघाल्यासारखा झालाय, आणि आपण अजून रडतोय हे त्याला गाल ओले लागल्यावर कळतं. ऊन सोप्यातून उतरून अंगणात गेलंय. उठून बसताना तो कूस बदलतो आणि थांबतो.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चहाचा कप आहे. घाईनं टेकवलेला, अर्धा बशीत सांडलेला. सारिका असा चहा कधी ठेवत नाही. "भाऊजी, चहा," म्हणते, आणि समोरच्यानं कप हातात घेईपर्यंत उभी राहते. सर्जेरावाची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेल्यापासून एक दिवस त्यात बदल नाही. सर्जेराव गुडघ्यांवर पुढं सरकून कपाला बोट लावतो. चहा गार पडलाय, वर जाड साय धरलीय. म्हणजे ती आली होती, आणि येऊन बराच वेळ झालाय.

आतून भांड्याचा आवाज नाही. बाहेर पळून जावं, असं त्याला क्षणभर वाटतं, खोटं कशाला बोला. पण कप हातात घेऊन तो उंबरा ओलांडतो.

सारिका ओट्याला पाठ लावून खाली बसलीय. थोरला दीर आत आला की तिचा हात आपसूक पदराकडे जातो, आज जात नाही. डोळे कोरडे आहेत. तिनं ईश्वरीला पुढ्यात घेऊन बसवलंय, दोन्ही हातांनी घट्ट धरून, आणि पोरगी कधी आईकडे, कधी मोठ्या पप्पांकडे बघतेय.

"सारिका, मी..."

"निजंत बोललासा ते ऐकलं मी," ती म्हणते. "आता जागंपनी सांगा. पोरीलाबी ऐकू दे."

सर्जेराव कप खाली ठेवतो आणि पोरीसमोर मांडी घालून बसतो.