डबलसीटची सुई

बंद पडलेल्या मोटरसायकलचा प्लग काळाच निघाला. मी तो रुमालाने पुसला, तारेच्या ब्रशने घासला आणि परत बसवला. आंजी (मोठी) अजून तीन किलोमीटर होती. शेजारच्या शेतात कापसाची वेचणी चालली होती. कमरेला ओटी बांधलेल्या एक बाई रस्त्यालगतच्या धुऱ्यावर येऊन थांबल्या.

"गाडी बुढी झाली का भाऊ तुमची?"

"झाली."

"मंग बसू द्या न तिले थोडं. आपल्याले नाई लागत का?"

पाच मिनिटं बसू दिलं. मग दुसऱ्या किकला चालू झाली.

गाडी एकोणीस वर्षांची आहे. गेली दोन वर्षं ती अर्ध्या थ्रॉटलला भकभक करते, धूर सोडते, पेट्रोल पिते. वर्ध्यातला मेकॅनिक म्हणाला, कार्बोरेटर झिजला, मोठ्या तोंडाचा नवा टाका, गाडी उडेल. नवा मागवला. बत्तीसशे रुपये. खोका न फोडता आठ दिवसांत परत करता येतो. सातव्या दिवशी तो खोका डिकीत टाकून निघालो. जुन्यावर एक फेरा करायचा आणि मग ठरवायचं.

फेरा असा: नालवाडी, आंजी, तिथून आतल्या रस्त्याने हिंगणी, बोर धरण, आणि सेलूवरून परत. ऐंशीच्या आसपास किलोमीटर. थंडीत जावं. पेट्रोल वर्ध्यातच भरून घ्यावं. आतला रस्ता अरुंद आहे, बैलगाडीला आपणच खाली उतरून वाट द्यायची.

आंजीचा रस्ता मला डोळे मिटून येईल. मी आणि माझी बायको सुमन तिथल्या शाळेत शिकवायचो. सोळा वर्षं रोज याच गाडीवर गेलो. ती मागे बसून वह्या तपासायची. खड्डा आला की लाल रेघ वाकडी जायची आणि मुलं विचारायची, मॅडम, हे बरोबर आहे की चूक? दोन वर्षांपूर्वी आमची निवृत्ती झाली, पाठोपाठ तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन. त्यानंतर ती गाडीवर बसलेली नाही.

बसस्टँडजवळ वासुदेवचं गॅरेज अजून आहे. आमची गाडी सोळा वर्षं त्यानेच पाहिली. मला बघून तो उठला, मग माझ्या मागच्या रिकाम्या सीटकडे बघून थांबला. हात पुसत राहिला.

"सर, एकटेच?" आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम... गेल्या का?"

"गुडघे गेले. मॅडम आहेत."

"अरे बाप रे! असं एकट्यानं येत जाऊ नका." मग हसला. "चहा सांगतो."

चहा पिता पिता त्याने कार्बोरेटर उघडला. आतली सुई बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवली. सुईच्या वरच्या टोकाला पाच खाचा असतात. एका खाचेत बारीक क्लिप बसते. क्लिप जितकी खाली, तितकी सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल जास्त जातं. आमची क्लिप चौथ्या खाचेत होती.

"हे मीच करून देल्लं होतं. तुम्ही म्हने, चढावर ओढत नाई. दोघं जन, दोन डबे, वह्यायचे गठ्ठे. मंग म्या पेट्रोल वाढवलं. आता तुम्ही एकटे. तिले काय मालूम? ते अजून दोघायचंच पेट्रोल देऊन राह्यली."

"मग नवा नको?"

"लावाचा असन तं लावून देतो. पन याले काई झालं नाई. सिंगलवर करू का?"

मी सुई बोटांत फिरवून पाहिली. "कर," म्हणालो.

त्याने क्लिप एक खाच वर सरकवली. पन्नास रुपये घेतले. चहाचे घेतले नाहीत.

हिंगणीपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. चौकात तर्रीपोहे खाल्ले, तीस रुपये प्लेट. बोर धरणाच्या भिंतीवर वारा होता. खाली पाण्यावर बदकं होती, पलीकडे सागाचं जंगल. इथे आम्ही दर हिवाळ्यात एकदा यायचो, शाळेचा डबा दुपारी इथे खायचो. मी अर्धा तास बसलो. इतक्या सुरळीत चालणाऱ्या गाडीवर परत निघण्याची घाई नव्हती.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा सुमन वांगी चिरत होती.

"काय निघालं?"

"काही नाही. डबलसीटवर होती. सिंगल करून आणली."

सुरी थांबली. "कोणाले इचारून?"

"तुझे गुडघे..."

"गुडघे माहे हायेत. डॉक्टरनं मांडी नको म्हटलं, उकिडवं नको म्हटलं. गाडी नको कवा म्हटलं?"

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कवा इचारलं? दोन वर्सं झाले, किक मारता अन् चालले जाता."

दोन वर्षं मी ज्याला गाडीचं म्हातारपण म्हणत होतो, ते एवढंच होतं: मागची सीट रिकामी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकी उतरवली, कार्बोरेटरचं झाकण उघडलं आणि क्लिप पुन्हा चौथ्या खाचेत बसवली. नवा कार्बोरेटर कुरिअरने परत पाठवायचा होता. सुमन अंगणातल्या स्टुलावर चढली, माझा खांदा धरून मागे बसली आणि खोका मांडीवर घेतला.