सुनीलची साक्ष आणि माझा जळफळाट

साक्षींचे किस्से आमच्याकडे साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. आमची ख्रिस्ती मंडळी केवढीशी, तर वीस-बावीस माणसं. सरावली गावात एका घराच्या पडवीत दर रविवारी उपासना होते, मग चहा, आणि कप रिकामा व्हायच्या आत एक तरी नवा किस्सा तयार! मी डहाणूत शाळामास्तर, आजोबांपासून ख्रिस्ती. त्यामुळे मंडळीत मला मान आहे. पण ऐकायचं म्हटलं की सगळ्यांना सुनीलच हवा!

*

साक्ष म्हणजे देवाने आपल्याला कशातून सोडवलं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं. सुनील बोर्डीला चिकूच्या पॅकिंगला जातो. पूर्वी ताडीत बुडालेला असायचा. एकदा भरदुपारी रस्त्याच्या कडेला पडला होता आणि त्याची मुलगी मैत्रिणींबरोबर शाळेतून येत होती. मैत्रिणींनी विचारलं, "कोण गं हा?" ती म्हणाली, "काय माहीत!"

सुनील इथे थांबतो. मग म्हणतो, "ज्या दिवशी माझ्या पोरीने मला ओळखलं नाही, त्या दिवशी प्रभूने मला ओळखलं!"

पडवीत सगळ्यांचे डोळे ओले. माझेही. पण खरं सांगू? रडता रडता मनात एकच विचार, काय वाक्य आहे राव! हे आपल्याकडे का नाही?

*

त्याच्यानंतर एकदा माझा नंबर लागला. मी म्हणालो, "मी ख्रिस्ती घरात जन्मलो, संडे स्कूलला गेलो, प्रभूने माझं तारण केलं." दीड मिनिटात खेळ खलास!

जानीमावशी पुढे बसली होती. तलासरीकडची म्हातारी, बाजारात भाजी विकते. तिने अगदी मनापासून विचारलं, "मास्तर, तुमची सुटका कशातून झाली?"

"पापातून, मावशी."

"ते झालं. पण कुठल्या?"

मला एकही सांगता येईना! घरी येऊन बायकोला विचारलं, "शैला, माझं एखादं मोठं पाप सांग ना."

ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "वही घेऊन बसा, मी सांगते."

*

बरं, जानीमावशीचीही साक्ष माझ्यापेक्षा भारी! तिच्या पाड्याच्या वाटेवर एक जुनी चिंच आहे. तिथे काहीतरी आहे म्हणून मावशी वर्षानुवर्षं लांबचा फेरा मारून घरी जायची. आमच्या पास्टरांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी ती भाजीची पाटी डोक्यावर घेऊन सरळ चिंचेखालून गेली.

मी जरा परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, "म्हणजे भूत गेलं म्हणायचं?"

"भूत होता का नाय, गेला का नाय, मला नाय माहीत," मावशी म्हणाली. "भीती गेली!"

पास्टर खूश! म्हणाले, "बघा, सुटकेचा अर्थ इतक्या सोप्या शब्दांत मलाही सांगता आला नसता." मी बी.एड. केलेला माणूस. चहा न घेताच घरी आलो.

*

मग मी ठरवलं, आपणही साक्षीत थोडा मसाला घालायचा. पुढच्या खेपेला उभा राहिलो आणि आवाज जड करून म्हणालो, "कॉलेजात असताना मी सिगारेटच्या विळख्यात सापडलो होतो!"

पहिल्यांदाच सगळे माझ्याकडे बघत होते. वा! अंगावर काटा आला.

सुनीलने कळवळून विचारलं, "किती वर्षं, मास्तर?"

मी तोंड उघडलं. समोर पास्टर, शेजारी शैला. खोटं काही बाहेर पडेना.

"एकदा," मी म्हणालो. "ओढली होती."

शैला हळूच म्हणाली, "अर्धी."

*

तलासरीला मोठी सभा होती. सुनीलला साक्षीला खास बोलावणं! त्याच्याकडे गाडी नाही, म्हणून माझ्या स्कूटरवरून मीच त्याला घेऊन गेलो. मांडवात त्याला हार घातला, स्टेजवर बसवलं. मी खाली उभा, हातात दोन हेल्मेट.

एक भला माणूस माझ्याजवळ आला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ड्रायव्हरदादा, तुम्ही जेवून घ्या. साहेबांना वेळ लागेल!"

जेवलो. कालवण चांगलं होतं, पण एक घास गोड लागेल तर शपथ!

*

आता शेवटचा. हा मी मंडळीत कुणालाच सांगितलेला नाही.

एका बुधवारी स्कूटर दुरुस्तीला होती, म्हणून शाळेतून रिक्षाने परतताना रिक्षावाल्याने बातमी दिली, "मास्तर, तुमचा सुनील परत प्यायला. भाच्याच्या हळदीत. उचलून आणला घरी."

"अरेरे!" मी म्हणालो. आणि आत काहीतरी टुणकन उडालं. आनंद झाला हो मला! रिक्षात बसल्या बसल्या मी चक्क गुणगुणत होतो.

पास्टर दुःखितांच्या भेटीला जातात तसा तोंड पाडून त्याच्या घरी गेलो. दारात त्याची बायको सविता, रडून डोळे सुजलेले. सुनील आत भिंतीला टेकून बसला होता. मला बघून त्याने मान खाली घातली.

"कळलं ना?" तो म्हणाला.

"कळलं."

"मुलगी सकाळपासून बोलत नाही माझ्याशी." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "तुम्हाला बरं वाटलं असेल, मास्तर."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. सविता चुलीपाशी थांबून ऐकत होती.

"हो," मी म्हणालो. "वाटलं."

"खूप?"

"खूप."

मला वाटलं, आता हा मला घराबाहेर काढणार. पण तो बायकोला म्हणाला, "सविता, मास्तरांनाही कोरा चहा दे. ह्यांना माझ्यापेक्षा जास्त चढलीय!"

मग तो भिंतीला धरून उठला. माझ्यासमोर येऊन बसला, हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटून म्हणाला, "प्रभू, आधी ह्यांना सोडव."

त्याच्या तोंडाला अजून ताडीचा वास येत होता.

मी म्हणालो, "आमेन."