सुलूसाठीचं पांघरूण

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी नाही, सोसायटीतल्या बायकांपाशी तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण उद्या जिन्यात तुमची-माझी गाठ पडणार नाही. आणि एक आधीच सांगून ठेवते — मी रडायला बसलेली नाही.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आईच म्हणायचे, क्रोशाचं विणकाम फार सुंदर करायच्या. डोंबिवलीत आमचं वन रूम किचन. खिडकीखालचा दिवाण ही त्यांची जागा. शेजारी लोकरीची पिशवी, हातात सुई, तोंडाने बडबड, आणि लक्ष सगळं माझ्या मीरावर. मीरा तेव्हा बालवाडीत होती. तिला शाळेतून आणायचं, भरवायचं, निजवायचं, सगळं आईंकडे. म्हणून तर मी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला लागू शकलेले. केमिस्ट्री शिकून पोळ्या लाटत बसलेली बाई पुन्हा पांढरा कोट घालते तेव्हा तिला काय वाटतं — माहितेय तुम्हाला? मला वाटायचं, मी परत माणसात आले. थोड्या महिन्यांत मी कायम होणार होते.

आणि नेमकी तेव्हाच सुलूची बातमी आली. सुलू माझी नणंद, आंबिवलीला दिलेली. हे तिचं दुसरं. पहिल्या वेळी ती माहेरी आलेली, पण आता मोठ्या मुलाची शाळा तिकडे, आणि डॉक्टरांनी तिला फार हलू नको म्हणून सांगितलेलं. मग आईच तिकडे जाणार असं ठरलं. आताच जायचं आणि बाळंतपण उरकून, बाळाने जरा बाळसं धरल्यावरच परतायचं. ठरवलं कुणी? त्या मायलेकींनी. मला विचारलं? नवरा म्हणाला, ‘तेवढे दिवस तू घरी बस ना, त्यात काय.’ त्यात काय!

आईंचा एक नियम होता. हातात घेतलेलं काम अर्धवट टाकून घराबाहेर मुक्कामाला जायचं नाही. त्यांनी सुलूसाठी पांघरूण विणायला घेतलेलं — पिस्ता आणि पांढरे पट्टे, साधे सरळ खांबाचे टाके, एक ओळ गेली की उलटून दुसरी. खरं तर ते बाळासाठी होतं. पण आमच्याकडे बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही करत नाहीत, म्हणून म्हणायचं ‘सुलूच्या पायांवर घ्यायला’. एवढंसं पांघरूण, सुलूचा एक पाय तरी झाकला असता का? पण सगळे मान डोलवायचे. आई म्हणाल्या, ‘हे पुरं झालं की मी निघाले.’

पुरं झालं की.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. आई सकाळी आंघोळ करून खालच्या दत्ताच्या देवळात जायच्या, तेवढ्यात मी पिशवी उघडायचे. क्रोशाचं एक असतं, सुईवर एकच टाका जिवंत असतो. तो निसटू नये म्हणून आई त्यात सेफ्टी पिन अडकवून ठेवायच्या. पिन काढायची आणि धागा ओढायचा. सरसर येतं हो, हाताला काही लागतच नाही. आईंनी दिवसभरात जेवढं केलेलं तेवढं जायचं, कधी थोडं जास्तच. धागा गुंड्यावर गुंडाळायचा, पिन परत लावायची, डबा भरायचा आणि रिक्षा पकडायची.

करायला नको होतं, असं म्हणू? नाही म्हणत. मला ती नोकरी हवी होती. सुलूला आई हवी होती, मला दुपारी माझ्या पोरीपाशी कुणीतरी हवं होतं. तिची गरज ती माया आणि माझी गरज तो स्वार्थ, हे कुणी ठरवलं? तशी वेळ आली तर ते उसवणं मी आजही करीन.

पण मला सांगायचंय ते उसवण्याबद्दल नाहीच. मघापासून मी इकडून तिकडून फिरतेय, मला कळतंय.

उसवलेली लोकर कुरळी होते. एकदा खांबात बसलेला धागा पुन्हा सरळ होत नाही. मला हे कुठून माहीत असणार? मी कधी सुई धरलेली नाही. आईंच्या बोटांना मात्र पहिल्याच दिवशी कळलं असणार. त्या नुसत्या मापायच्या, वीत टाकून टाकून मापायच्या. ‘काल मी पांढऱ्यावर आलेले ना गं?’ असं मीराला विचारायच्या. ती बिचारी काय सांगणार? ती हो म्हणायची.

मग एका रविवारी मी भाजी निवडत होते, तेव्हा त्यांनी तो कुरळा धागा माझ्यासमोर धरला. घाबरलेल्या होत्या. म्हणाल्या, ‘अनू, हे कुणीतरी उसवलंय. घरात दुसरं कोण आहे? मीच उसवते आणि विसरते की काय?’

त्यांनी मला विचारलं. आरोप नाही केला. हसून म्हणू शकले असते, ‘मीराने ओढलं असेल.’ पोरीच्या नावावर खपून गेलं असतं. खरं सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, चार दिवस अबोला, बस. मी काय म्हटलं?

मी म्हटलं, ‘हो आई, तुम्हीच उसवता. मी पाहिलंय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.’

वर तेही. वाईट वाटेल म्हणून.

त्या दिवसापासून आई गॅसला हात लावेनात. मीराला शाळेतून आणायच्या, पण तिचं मनगट इतकं आवळून की घरी येईपर्यंत लाल व्हायचं. सुई पिशवीत गेली ती गेलीच. नवऱ्याने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पुष्कळ काय काय विचारलं, आईंनी सगळं बरोबर सांगितलं. ते म्हणाले, ‘आजी, तुम्हाला काही झालेलं नाही.’ आईंनी मान हलवली आणि घरी येऊन सुलूला फोन केला — मी येत नाही, माझा भरवसा नाही, परक्या घरात काहीतरी करून बसेन.

म्हणजे मला हवं तेच झालं. त्या राहिल्या. मी कायम झाले. पुढे त्याच लॅबची प्रमुखही झाले, आणि चांगली झाले.

सुलूला मुलगा झाला. बारशाला आम्ही सगळे आंबिवलीला गेलो. आई म्हणजे बाळांना न्हाऊ घालण्यात एक नंबर, मीराला त्यांनीच पायांवर घेऊन घातलेलं, माझी तर हिंमत होत नसे. सुलूने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवायला पुढे केलं, तर आईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. ‘माझ्याकडे नको. पाडीन बिडीन.’ सुलूचा बांध फुटला. ‘आई, डॉक्टर म्हणाले ना तुला काही नाही? माझंच बाळ नको झालंय का तुला?’

आई म्हणाल्या, ‘डॉक्टर काहीही म्हणू देत. अनूने डोळ्यांनी पाहिलंय मला. ती कशाला खोटं बोलेल?’

सुलू माझ्याकडे वळली. ‘खरंच पाहिलंस, वहिनी?’

तेव्हा माझी नोकरी पक्की झालेली होती. आता रजाही मिळाली असती, आई कुठेही गेल्या असत्या तरी माझं काही अडणार नव्हतं. खोटं बोलायची गरजच उरली नव्हती. माणसं बघत होती, एवढंच. आईही माझ्याकडे बघत होत्या, आणि मी नाही म्हणावं असं त्यांना वाटत होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी म्हटलं, ‘हो. पाहिलं.’

सुलूने बाळाला उचलून आत नेलं.