पळसाच्या पानावरचे तांदूळ

ब्रह्मपुरीच्या बस स्टँडासमोरच्या टपरीवर आम्ही चार-पाच म्हातारे रोज सकाळी चहाला बसतो. सगळे पेन्शनवाले. एकजण पेपर मोठ्यानं वाचतो. कुठं दुकान फोडलं, कुठं भावानं भावाला कुऱ्हाडीनं मारलं, कुठं बाजारात बाईच्या गळ्यातलं ओढून नेलं. मग पेपर मांडीवर ठेवतो आणि म्हणतो, "आपल्या काळी असं होतं का बापा? दाराले कुलूप नाई, कडी नाई." बाकीचे माना डोलावतात. हे वर्षानुवर्षं चाललेलं आहे.

परवा त्यानं मलाच विचारलं, "मास्तर, तुमी त तिकडं जंगलाच्या गावात नोकरी केली. तिथी त चोरीचं नावच नसन?"

मी म्हणालो, "डोंबल नसन!" आणि कप आपटून उठलो. चहावाल्यानं माझ्याकडं बघितलं. घरी येऊन बसलो तरी राग उतरेना. राग त्याच्यावर नव्हता. साठ-पासष्ट वर्षं जे कुणाला सांगितलं नाही, ते टपरीवर सांगायचं कसं? म्हणून लिहायला बसलो आहे.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. मी नुकता शिक्षक झालेला, वय बावीस, अंगात रग भारी. मूल गावाहून पुढं बैलगाडीच्या वाटेनं अर्धा दिवस गेलं की ते गाव लागे. पुढं धानाचे बांध, मागं तलाव, तलावाच्या पलीकडं जंगल. तलावाकाठी मासे धरणाऱ्या ढिवरांची आठ-दहा घरं. गावात खरंच कुलूप नव्हतं. माझ्या खोलीचं दार तर बांबूच्या ताटीचं होतं, बकरीनं ढकललं तरी उघडे.

गावात एकच घड्याळ होतं आणि ते माझ्या मनगटावर होतं. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. गावात त्याला घडी म्हणत. शाळेची घंटा त्यावर वाजे, पण नुसती शाळाच नव्हे, बाजाराला जाणारे, पाणी पाळीनं घेणारे, सगळे खोलीत डोकावून विचारत, "गुर्जी, किती वाजले जी?" मी ऐटीत मनगट वर करी. रोज सकाळी त्याला चाबी देत असे तेव्हा बघायला कुणीतरी उभं असेच.

माझ्याकडं पाणी भरायला आणि झाडझूड करायला ढिवरांची एक बाई येई. नवरा तलावात बुडून गेला होता, पदरी चार वर्षांची मुलगी. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. बोलायला तिखट. माझा भात करपला की दारातूनच म्हणायची, "बामनाच्या घरी जाळपोळ झाली वाट्टे!" मी बामण नव्हतो, पण शिकलेला म्हणजे तिच्या लेखी बामणच. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की सगळे ढिवर मिळून मोठं जाळं टाकत आणि मासळीचे घरटी वाटे पडत. घरात जाळं ओढणारा पुरुष नसला तरी विधवेचा वाटा निघे. तो मासा वाळवून तिचा पाऊसकाळ निघत असे. तेवढाच तिचा आधार.

चैतातली गोष्ट. एका सोमवारी सकाळी उठलो तर कोनाड्यात घड्याळ नाही. रोज झोपताना तिथंच ठेवत असे. अंथरूण झटकलं, पेटी उपसली, पुस्तकं खाली काढली. नाही. माझं टाळकंच फिरलं. तसाच पाटलाच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि ओरडलो, "तुमच्या गावात चोर आहेत! मी आत्ता मूलला जातो आणि ठाण्यात रिपोर्ट देतो!"

पाटील साठीचा, शांत माणूस. त्याचा चेहरा उतरला. "गुर्जी, तसं नोका करू," तो म्हणाला. "पोलीस गावात आला का गाव नासते. माह्या बापाच्या काळापासून या गावचा कागद कोरा हाय. आपल्या गावातलं आपण पाहू. तीन दिवस द्या मले."

तीन दिवसांनी काय, हे गावाला ठाऊक होतं. मला नव्हतं. गावदेवी मातामायच्या पुढं तांदूळ चावायचे. ज्याच्यावर संशय त्याला चिमूटभर कोरडे तांदूळ द्यायचे, त्यानं ते चावून पळसाच्या पानावर थुंकायचे. खरा असेल त्याचा ओला लगदा पडतो. चोराच्या तोंडाला कोरड पडते, त्याचं पीठ पडतं. मला हसू आलं. म्हटलं, काय वेडेपणा! पण मी नको म्हणालो नाही. घड्याळ मिळत असेल तर चावा हवं ते, असं माझं.

रविवारपासून सोमवारच्या सकाळपर्यंत माझ्या खोलीत आलेली माणसं चार. कोतवाल, दूध घालणारी म्हातारी, फळा दुरुस्त करायला आलेला सुतार, आणि ती. तांदूळ चौघांना होते, पण गावाची नजर पहिल्याच दिवशी तिच्यावर जाऊन बसली होती. मंगळवारी तिची मासोळी कुणी घेतली नाही. माझ्याकडं ती पाणी भरून गेली ते खाली मान घालून. एकदाच म्हणाली, "गुर्जी, चूल नाई पेटवली दोन दिवस. घास उतरतच नाई." मी काय बोललो? "जाऊ दे, होईल सगळं नीट," असं काहीतरी.

गुरुवारी सकाळी गाव मातामायच्या ठाण्यापुढं जमलं. ऊन आठ वाजताच चावत होतं. शेजारच्या अंगणात कुणीतरी मोहफुलं वाळत घातली होती, त्यांचा गोड, आंबूस वास सगळीकडं भरला होता. पुजाऱ्यानं तांदूळ मातेपुढं ठेवले, कुंकू टाकलं, आणि पहिली चिमूट कोतवालाला दिली. कोतवाल चावू लागला. त्याच्या दाढांचा आवाज तेवढा येत होता. थुंकला. ओलं. लोक हललेसे वाटले. मग म्हातारी. तिला दातच नव्हते, बिचारी हिरड्यांनी चघळत बसली. एरवी सगळे हसले असते.

म्हातारी चघळत असताना तो मोहाचा वास माझ्या नाकात गेला आणि मला एकदम आठवलं.

रविवारी दुपारी मी जंगलातल्या टोल्यावर, गोंडांच्या लहानशा वस्तीवर, गेलो होतो. तिथला एक गोंड म्हातारा गावात मध विकायला येई, त्यानं आग्रह केला होता. त्यानं पळसाच्या द्रोणातून मोहाची दारू दिली. आयुष्यात पहिल्यांदा प्यालो, आणि एक नाही, तीन द्रोण. हात चिकट झाले म्हणून धुवायला उठलो. घड्याळ काढलं. त्याच्या झोपडीच्या खुंटीला अडकवलं. पुढचं धूसर. दिवस मावळताना घरी कसा आलो आणि कसा झोपलो, देव जाणे. पण खुंटी मला आता लख्ख दिसत होती.

सुताराच्या हातात तांदूळ पडत होते. नुसतं "थांबा" म्हणायला हवं होतं. पण पुढं काय सांगणार? गुरुजी दारू प्याला? नोकरी गेली असती. सासऱ्यांना कळलं असतं. माझ्या तोंडाला अशी कोरड पडली की जीभ टाळूला चिकटली. त्या वेळी चिमूटभर तांदूळ माझ्या हातावर ठेवले असते तर नुसतं पीठ पडलं असतं.

आणि मग मी जे केलं त्याची लाज मला अजून वाटते. मी, मॅट्रिक झालेला, पोरांना विज्ञानाचे धडे देणारा, मनात म्हणालो: तिनं घेतलेलंच नाही, मग तिचे तांदूळ ओलेच पडणार! सगळे सुटतील, दुपारी मी गुपचूप टोल्यावर जाऊन घड्याळ घेऊन येईन. ज्या तांदळाला मी तीन दिवस हसत होतो, त्याच तांदळावर मी भरवसा टाकला. कारण तो माझ्या सोयीचा होता.

सुताराचं ओलं पडलं.

तिनं मुलीला शेजारणीजवळ दिलं आणि पुढं आली. तांदूळ तोंडात टाकले. चावते आहे, चावते आहे. ओठ पांढरे पडलेले, गळ्याची शीर वरखाली होतेय. तीन दिवस पोटात अन्न नाही, वरून ते ऊन, आणि समोर सगळं गाव डोळे लावून. ती चावत राहिली, चावत राहिली. पुजारी म्हणाला, "थुक आता." तिनं पान तोंडाशी धरलं.

पीठ. पांढरं, कोरडं पीठ. वाऱ्यानं थोडं उडालंसुद्धा.

एक बाई किंचाळली, "हेच हाय ते चोट्टी!" ती मात्र पानाकडं बघत उभी राहिली, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं. मग म्हणाली, "म्या नाई घेतली जी. लेकराची आन." पाटलानं मान खाली घातली आणि सांगून टाकलं: घडी परत दे. नाही दिलीस तर यंदापासून तलावाचा वाटा बंद.

आठ दिवसांवर जाळं होतं.

मी तडक निघालो. दोन कोस जंगल, वर आग ओतणारं ऊन. धावत गेलो म्हटलं तरी चालेल. म्हाताऱ्याच्या झोपडीला दारसुद्धा नव्हतं. घड्याळ खुंटीला तसंच होतं. तो हसून म्हणाला, "तुही घडी मुकी झाली गुर्जी. पोट्टे हात लावून राह्यले होते, म्या म्हटलं, खबरदार!" चाबी न मिळाल्यामुळं ते बंद पडलं होतं. मी ते हातात घेतलं आणि सवयीनं, चालता चालता, चाबी दिली.

वाटेत ठरवलं होतं, खरं सांगायचं. गाव दिसू लागलं तसं ठरवलेलं पातळ होऊ लागलं. पाटलाच्या ओसरीवर पोचेपर्यंत एक सोपं खोटं तयार झालं होतं. "पाटील, माझीच चूक," मी म्हणालो. "घड्याळ खोलीतच होतं. कोनाड्यात, पुस्तकांच्या मागं. पडलं असेल. बाईवर आळ नको."

मला वाटलं, झालं. सुटली ती. सुटलो मी.

पाटलानं घड्याळ हातात घेतलं. उलटंसुलटं पाहिलं. मग कानाशी नेलं.

"गुर्जी," तो म्हणाला, "हे त चालू हाय."

"हो."

"सोमवारपासून पुस्तकामागं पडून होतं म्हनता. मंग चाबी देल्ली कोनं? तुमी त म्हनत होते का रोज चाबी नाई देल्ली त बंद पडते." त्यानं आजूबाजूच्यांकडं पाहिलं. "तिनंच आनून ठेवलं. वाटा जाते म्हनून भेली. रोज पाहे ना ती तुमाले चाबी देतानी. तांदूळ खोटा बोलत नाई. गुपचूप आनून ठेवलं, कबूल त नाई केलं; वाटा बंदच."

सगळे हो हो म्हणाले. एकजण मला कौतुकानं म्हणाला, "गुर्जींचं काळीज नरम हाय. तिले वाचवाले पाहून राह्यले."

बोल, मूर्खा, बोल! एकच वाक्य होतं: चाबी मी दिली, टोल्यावरून येताना. पण मग टोल्यावर कशाला गेला होता, हा प्रश्न आलाच. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि पाणी प्यायलो. घटाघटा, सगळा तांब्या. लोकांना वाटलं उन्हातून आला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी ती आली. डोक्यावर गाठोडं, खांद्यावर फेकजाळं, हाताशी मुलगी. वैनगंगेच्या पलीकडं भावाकडं निघाली होती. भावाची परिस्थिती तिच्याहून वाईट, हे तिनंच मला कधीतरी सांगितलेलं. ती पायरीच्या खाली उभी राहिली. घड्याळ माझ्या मनगटावर होतं. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं.

"गुर्जी, खरं सांगा. तुमाले वाट्टे का म्या घेतली?"

"नाही," मी म्हणालो. "तू नाही घेतलीस. मला माहीत आहे."

तिनं डोक्यावरचं गाठोडं सावरलं. ओरडली नाही, रडली नाही.

"मंग हे काल तिथी बोलाचं होतं," ती म्हणाली. मुलीचा हात ओढला आणि बांधावरून चालू लागली. मी तिला हाक मारली नाही. ती कुठं गेली, जगली कशी, मुलीचं काय झालं, मी कधी विचारलं नाही. नदी ओलांडून जायला मला अर्धा दिवस लागला असता.

त्या महिन्याच्या शेवटी पाटील नेहमीसारखा कागद घेऊन माझ्याकडं आला. गावात लिहिता येणारा मी एकटाच, त्यामुळं पोलीस ठाण्याचं मासिक पत्रक माझ्याच हातचं जाई. खून, मारामारी, चोरी, एकेक रकाना. "लिहा गुर्जी," तो म्हणाला, "याई महिन्यात काही नाई झालं."

मी टाक बुडवला. खून, निरंक. मारामारी, निरंक. चोरीच्या रकान्यापाशी हात थोडा थांबला, पण चोरी तर खरंच झाली नव्हती. निरंक. खाली आणखी रकाना नव्हता. पाटलानं अंगठा उठवला, कागद उजेडात धरला आणि खूश होऊन म्हणाला, "अक्षर काय झकास हाय जी तुमचं!"