रस्ता बघून सांगतो

आयर्लंडातल्या आमच्या मराठी डॉक्टरांच्या गोतावळ्यात कुणी "त्या हिवाळ्यात..." एवढं म्हणायचा अवकाश, की चहा निवतो, भजी निवतात, पण किस्से संपत नाहीत. त्यातले निम्मे माझ्या जिवावर झालेले आहेत. त्यामुळे बाकीचे हसतात आणि मी अजूनही चिडते.

२०१० चा हिवाळा. रस्त्यावर बर्फाचा असा पातळ, काचेसारखा थर, की बघताना वाटावं नुसता ओला आहे आणि गाडीनं गर्रकन गिरकी घ्यावी! या देशाला पावसाची सवय, बर्फाची नाही. मी हॉस्पिटलमागच्या क्वार्टरमध्ये राहायचे. नवरा मंदार आणि पाच वर्षांची लेक ईरा तिकडे डब्लिनला, सँट्रीत. शुक्रवारी ड्यूटी संपली की मी त्यांच्याकडे पळायचे.

पण नियम असा, की पुढचा डॉक्टर आल्याशिवाय आधीच्यानं हलायचं नाही. आणि माझ्या पुढचे दोघं, गोडबोले आणि पाटील, यायचे लांबून, गाडीनं. शुक्रवार उजाडला की फोन ठरलेला: "रस्ता बघून सांगतो हं!"

*

गोडबोले नास नावाच्या गावात राहायचा. रस्ता बघायची त्याची पद्धत म्हणजे स्वतः रस्ता न बघणं.

"माझा शेजारी इथेच जन्मलाय," तो मला समजावायचा. "त्याची गाडी हलली की समजायचं, रस्ता सेफ. लोकल नॉलेज, यू सी!"

शेजाऱ्याची गाडी आठवडाभर हलली नाही. गोडबोलेही हलला नाही. इकडे मी त्याच्या ड्यूट्या ओढतेय! "अगं, एवढा अनुभवी माणूस घरात बसून आहे, मी कसा निघू?" तो फोनवर म्हणायचा.

शेवटी त्याच्या बायकोला काळजी वाटली. आजारी असेल बिचारा, म्हणून ती डब्यात खिचडी घेऊन शेजारी गेली. मांजराला खायला घालायला आलेल्या त्याच्या मुलीनं दार उघडलं.

"डॅड? ही'ज ऑन हॉलिडे इन लान्झारोटे. लव्हली वेदर!"

*

पाटील जास्त हुशार. त्याचं लॉजिक असं, की बर्फ वितळायला मीठ टाकणारी कौन्सिलची लॉरी जिथून जाते, तो रस्ता सगळ्यात सेफ. एका सकाळी ती लॉरी त्याला दिसली. हा लागला तिच्या मागे. लॉरी बैलगाडीच्या वेगानं पुढे, पाटील बैलगाडीच्या वेगानं मागे. हॉस्पिटलकडचं वळण आलं. लॉरी सरळ गेली, पाटीलही सरळ गेला!

बऱ्याच वेळानं लॉरी एका मोठ्या आवारात शिरली. मागोमाग पाटील. ड्रायव्हर उतरला आणि त्यानं पाटलाच्या काचेवर टकटक केलं.

"आर यू लॉस्ट?"

"नो, नो. आय ॲम फॉलोइंग यू."

"वेल," तो म्हणाला, "आय'म गोइंग फॉर माय ब्रेकफस्ट."

तिथल्या लोकांनी पाटलालाही बसवून सॉसेज सँडविच आणि दोन मग चहा दिला. साहेब दुपारी उगवले. वर मलाच सांगतात, "फार चांगली माणसं असतात गं इथली." मी सकाळपासून एका बिस्किटावर होते!

*

आमचे आयरिश बॉस म्हणजे वेगळीच तऱ्हा. त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच. पेशंट कसा आहे? ग्रँड. जेवण कसं होतं? ग्रँड.

मी विचारलं, "रस्ता कसा आहे, सर?"

"ग्रँड. अ बिट स्लिपरी."

मी खिडकीतून खाली पाहिलं. टो-ट्रकवरून त्यांची गाडी उतरवत होते.

*

त्यातच एका सकाळी गोडबोलेची ओपीडी रद्द झाली. डॉक्टरांना रस्ता धोक्याचा वाटतोय, असा निरोप सगळ्यांना गेला, पण उशिरा. मी सहज डोकावले, तर खुर्च्यांवर म्हातारी माणसं ओळीनं बसलेली! एक आजोबा चक्क ट्रॅक्टरवरून आले होते. येताना दोन शेजारणींनाही घेऊन आले होते.

"डॉक्टर नाही आला?" त्यांनी विचारलं. "राहतो कुठे तो?"

"नासला."

"गॉड हेल्प हिम," आजोबा कळवळून म्हणाले.

ते पडून मनगट दुखावून घेऊन आले होते. मी म्हटलं, एवढ्या बर्फात कशाला बाहेर पडलात आजोबा? कुठे घसरलात?

"किचनमध्ये."

*

पाटलाची आई तेव्हा कराडहून आली होती. एका शुक्रवारी त्याचा फोन आला, "आई म्हणते जा, बायको म्हणते जाऊ नको. मी काय करू?"

"तुझ्या पेशंटना विचार!" मी ओरडले.

मागून आईंचा आवाज आला. "आरं, लोकाची लेक तिकडं खोळंबलीया, आन् तू हितं खिडकीत बसून काय बघतुयास? बर्फ हाय म्हनं! ऊस भरलेली ट्राली घिऊन चिखलातनं जात हुता की तुजा बा!"

"आई, तो चिखल होता!"

"मग ह्यो काय हाय? धुतल्याला रस्ता!"

तो त्या दिवशीही आला नाही. पण त्या माउलीला मी मनातल्या मनात दंडवत घातला.

*

असे शुक्रवारमागून शुक्रवार गेले. ईरा रोज फोनवर विचारायची, "इज द रोड सेफ येट, मॅमी?" आणि मी म्हणायचे, "नाही गं राणी, अजून नाही." फोन ठेवला की मला रडू यायचं. गोडबोले-पाटलांना त्या वेळी मी ज्या शिव्या घातल्यात, त्या इथे लिहिता येणार नाहीत.

शेवटी एका शनिवारी सकाळी पाटील आला. आईनं त्याला अक्षरशः घराबाहेर काढलं होतं. मी पर्स उचलली आणि निघाले. मोटरवे मोकळा होता, तरी स्टिअरिंग आवळून बोटं आखडली. दुपारी सँट्रीला पोचले. ईरा जी गळ्यात पडली, ती जेवतानाही मांडीवरून उतरेना.

पण रविवारी मला परत जायचंच होतं. आता तिकडे पाटील अडकला होता.

रविवारी लख्ख ऊन पडलं होतं. मंदार रस्ता बघायला खाली गेला आणि चक्रावून परत आला.

"अख्खा रस्ता कोरडा आहे. शेजाऱ्यांच्या गाड्यांखालीही काही नाही. फक्त तुझ्या गाडीभोवती बर्फ आहे!"

मी धावत खाली गेले. खरंच, चारही चाकं बर्फात रुतलेली. मागच्या चाकाशी ईराची प्लास्टिकची झारी आडवी पडली होती, तिच्या तोटीतसुद्धा बर्फ.

"काल संध्याकाळी झाडांना पाणी घालते म्हणाली होती," मंदार हळूच म्हणाला.

ईरा पायजम्यावर रबरी वेलिंग्टन बूट चढवून आमच्या मागे येऊन उभी राहिली. तिनं माझा फोन आणला होता. तो माझ्या हातात देत म्हणाली,

"इट्स नॉट सेफ, मॅमी. रिंग देम."